रंग बदलला, इंजिने तीच

महोदय,

बोइंग ७०७ वर आधारित ‘ई-३ सेंट्री’ या रडार टेहळणी विमानाची संग्राह्य प्रतिकृती घेताना खरेदीदार पाठीवरची रडारची तबकडी न्याहाळतात, पण पंखांखाली पाहत नाहीत. अमेरिकी हवाई दल आणि नाटो यांच्या विमानांना सडपातळ टीएफ-३३, तर ब्रिटिश व फ्रेंच विमानांना जाडसर सीएफएम-५६ इंजिने बसवली गेली. त्यामुळे एकाच साच्यावर रंग बदलून काढलेली ‘ब्रिटिश’ प्रतिकृती, मग ती कितीही देखणी असो, चुकीचीच ठरते. मूळ तबकडी सुमारे ९.१ मीटर व्यासाची, म्हणजे १:२०० प्रमाणात जेमतेम साडेचार सेंटीमीटर. ती फिरती असावी, हा माझा हट्ट. उत्पादकांनी वेष्टनावर हवाई दलासोबत इंजिनाचा प्रकारही छापावा.

– एक संग्राहक, ठाणे