‘पित्त झालंय’ एवढ्यावर न थांबलेल्या आशाताईंना

प्रिय आशाताई,
सप्रेम नमस्कार.

पित्ताशयातल्या खड्यानं दुखत असलेल्या मावशींना आमच्याकडे पाठवताना तुम्ही त्यांच्या हाती दिलेली चिठ्ठी आम्ही केसपेपरला लावून ठेवली आहे. वहीचं अर्धं पान आणि त्यावर एवढंच:

“रात्री ९ ला वरण-बट्टी. १०.३० ला दुखायला लागलं, मधे थांबलं नाही. उजव्या बरगडीखाली, मागे उजव्या खवाट्यात. उलटी ३ वेळा, आराम नाही. सकाळी ६.३० ला ताप १०१. डोळे अंगणात पाहिले, पिवळे नाहीत. लघवी रोजच्यासारखी. शुगरची गोळी चालू, आजची घेतली नाही. रात्रीपासून पोटात काही नाही, फक्त घोटभर पाणी.”

मावशींना विचारूनच हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहीत आहोत. या चिठ्ठीतल्या एकेका ओळीनं काय काम केलं ते तुम्हाला कळायला हवं, आणि धुळे, जळगाव, नंदुरबारच्या तुमच्या इतर आशाताईंनाही.

पहिले आभार ‘पित्त’ या शब्दाला न फसल्याबद्दल. आपल्याकडे छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त. घरचे म्हणतात “पोट दुखस”, शेजारची म्हणते पित्त झालं असेल, आणि मग सोडा, ओवा, गुलाबी पातळ औषध. पण आम्लपित्त म्हणजे जठरातलं आम्ल. ते छातीच्या मधोमध जळतं, आंबट ढेकर येतात आणि औषधानं थोडं तरी शमतं. पित्ताशय ही वेगळीच पिशवी, लिव्हरच्या खाली चिकटलेली, जेमतेम ३० ते ५० मिली मावेल एवढी. लिव्हर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस करतं, त्यातला काही भाग या पिशवीत दाट होऊन साठतो. तेल-तूप आतड्यात उतरलं की पिशवी आकसते आणि रस सोडते. पिशवीत खडे झाले असतील आणि त्यातला एखादा तिच्या तोंडाशी अडकला तर पिशवी बंद दारावर जोर लावत राहते. तेच हे दुखणं. म्हणून ते बट्टीवर तूप ओतून जेवल्यावर, शेवभाजीच्या तर्रीनंतर किंवा आखाजीच्या पुरणपोळीनंतर, तास-दोन तासांनी, बहुतेक वेळा रात्री उठतं. जेवणाशी काही संबंध नसतानाही उठू शकतं, म्हणून “तेलकट खाल्लंच नाही” या उत्तरावर कुणी निर्धास्त होऊ नये.

“मधे थांबलं नाही” हे तीन शब्द आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटले. गॅसची कळ येते-जाते, वारा सरला की मोकळं वाटतं. पित्ताशयाचं दुखणं अर्ध्या-एक तासात चढतं, मग एकाच पातळीवर धरून ठेवतं. ढेकर, उलटी, शौच, कूस बदलणं, कशानंच सुटत नाही. खडा मागे सरकला तर काही तासांत आपोआप उतरतं, आणि इथंच घात होतो. “सुई घेतली, थांबलं” असं म्हणून माणूस शेतात जातो, पण खडा जागच्या जागी असतो. पुढचा झटका आठवड्यानं येईल किंवा वर्षानं. असं एकदा जरी होऊन गेलं असलं तरी त्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. सुई घेतली असेल तर तिचं नाव आणि वेळ चिठ्ठीत यावी.

मावशींचं मात्र आठ तासांनीही उतरलं नव्हतं आणि वर ताप. म्हणजे पिशवीला सूज आलेली. अशा वेळी वाट पाहायची नसते, त्याच दिवशी दवाखाना. तुम्ही १०८ ला फोन लावलात, ते अगदी बरोबर केलंत.

शुगर आणि वय पाहून आम्ही सोनोग्राफीच्या आधी ईसीजी काढला. बेंबीच्या वरचं दुखणं, मळमळ, घाम हे हृदयविकाराचंही असू शकतं, मधुमेहात तर छातीत दुखल्याशिवायसुद्धा. चाळिशीपुढच्या कुणाचंही असं दुखणं असेल तर आधी ईसीजी. मावशींचा ठीक निघाला. पोट रिकामं होतं म्हणून लगेच सोनोग्राफी झाली. सहा ते आठ तास काही खाल्लेलं नसलं की पिशवी भरलेली राहते आणि खडे नीट दिसतात. दुधाचा चहासुद्धा तिला आकसायला पुरेसा असतो. खडा पिशवीच्या मानेत होता, भिंत सुजलेली होती, आणि सोनोग्राफीचा प्रोब (पोटावरून फिरवतात ते यंत्र) तिथं टेकवताच मावशींचा श्वास अडकला. एक्स-रेवर पित्ताचे बहुतेक खडे दिसतच नाहीत, हेही लक्षात असू द्या.

मुतखड्याशीही लोक याची गल्लत करतात. मुतखडा कमरेतून जांघेकडे जातो आणि माणूस तळमळत फिरतो. सुजलेल्या पित्ताशयाचा माणूस हलत नाही, खोल श्वास घ्यायलाही घाबरतो. भरपूर पाणी पिऊन लहान मुतखडा पडू शकेल, पित्ताचा खडा पडत नाही. तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचात जे हिरवे गोळे पडतात, ते त्याच तेलाचे साबणासारखे गोळे असतात, खडे नसतात.

डोळे तुम्ही बल्बखाली न पाहता अंगणात पाहिलेत. पिवळ्या दिव्याखाली कावीळ दिसत नाही. खडा पिशवीतून मुख्य नळीत उतरला की डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, शौच शाडूसारखी पांढरट, अंगाला खाज. त्यात थंडी वाजून ताप आला तर तो जिवावरचा धोका, तासांचा हिशेब. ही कावीळ उतरवून घ्यायला गेलेले पेशंट आठवडे घालवून आमच्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. आणि दुखणं थेट पाठीत जात असेल, पुढं वाकून बसल्यावर जरा बरं वाटत असेल, तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. तेही त्याच दिवशीचं काम.

तुमच्या कामातल्या दोन गोष्टी इथंच सांगतो. पाचव्या महिन्यापुढच्या गरोदर बाईला उजव्या बरगडीखाली दुखलं तर पित्ताशय म्हणण्याआधी बीपी मोजा. डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तो बीपीचा धोका असतो, लगेच हलवा. आणि नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सिकलसेलचं (रक्तातल्या लाल पेशींच्या जन्मजात आजाराचं) कार्ड असलेलं मूल असेल तर “एवढ्या लहान वयात कुठले खडे” असं कुणी म्हणू नये. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलची १० ते २० दिवस. तुटलेल्या पेशींच्या रंगातून काळे खडे शाळकरी वयातही होतात. त्या मुलांचे डोळे एरवीही पिवळसर असतात, म्हणून आईला विचारायचं, रोजच्यापेक्षा जास्त आहेत का.

मावशींची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. पूर्ण पिशवी काढली, कारण नुसते खडे काढले तर ती पुन्हा खडे करते. तुम्ही वेळेत पाठवल्यामुळे हे पहिल्या काही दिवसांतच करता आलं. उशीर झाला की आत सगळं चिकटून बसतं आणि काम अवघड होतं. दुसऱ्या कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत कुणाला खडा दिसला आणि कधीच काही त्रास नसेल, तर सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. तेवढं घरच्यांना सांगा, उगाच घाबरतात.

आता मावशी घरी येतील. जेवण साधं, तूप-तेल हळूहळू वाढवत न्यायचं. काही दिवस शौचाला पातळ होऊ शकतं. केळीचा घड, पाण्याचा हंडा महिनाभर उचलू देऊ नका. ताप आला, पोट वाढत्या प्रमाणात दुखलं, डोळे पिवळे झाले किंवा टाक्यातून पू आला तर त्याच दिवशी परत पाठवा. टाके काढायला येताना, काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन जायची आठवण करा.

तुम्हाला मनापासून धन्यवाद, ताई.

तुमचे,
शस्त्रक्रिया विभागातले डॉक्टर आणि सिस्टर