तो जाडजूड इंटरकूलर घेण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझा परवाचा मेसेज आणि सोबतचा फोटो पाहिला. टर्बोने दाबलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारा इंटरकूलर, त्याचा १०० मिलिमीटर जाडीचा कोअर म्हणजे मधला गाभा, आरशासारखं पॉलिश आणि खाली दोनच शब्द, "घेऊ का?" फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ऐकत नाहीस, 'हो हो' म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून हे पत्र.

हा घेऊ नकोस. हाच शहाणपणा मी करून बसलो आहे, आणि तेव्हा तू मला अडवलं नव्हतंस, उलट 'भारी दिसतोय' म्हणाला होतास, हे मी विसरलेलो नाही.

काहीही घेण्याआधी आहे तो इंटरकूलर किती तापतो ते मोज. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचायच्या सॉकेटला, रीडर लाव, इनटेकच्या हवेचं तापमान लॉगला घे आणि पुढच्या ट्रॅक डेला तिसऱ्या गिअरमध्ये पाठोपाठ तीन वेळा रेडलाइनपर्यंत गाडी ओढ. आकडा किती चढतो ते तर पाहाच, पण मधल्या उसंतीत तो किती लवकर उतरतो तेही पाहा. तिसऱ्या वेळी सुरुवातच पहिल्यापेक्षा खूप वरून होत असेल, तर इंटरकूलर दमलाय. एक गोम आहे. काही गाड्यांत ओबीडीवर दिसणारा आकडा एअर फिल्टरजवळच्या मासफ्लो मीटरमधला (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) असतो, म्हणजे टर्बोच्याही आधीचा. मी पहिले दोन दिवस तोच पाहून 'कंपनीचा इंटरकूलर काय झकास आहे' असं सगळ्यांना सांगत फिरत होतो. तुला हवा आहे तो थ्रॉटलजवळचा किंवा मॅनिफोल्डचा, म्हणजे इंटरकूलरनंतरचा आकडा.

हवा दाबली की तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावला तरी कळतं. तुझी गाडी १ बार बूस्टवर चालते, म्हणजे वातावरणाच्या दाबावर आणखी जवळजवळ तेवढाच दाब, हवा दुपटीने दाबली जाते. बाहेर ३० अंश असतील आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर त्यातून निघणारी हवा १२५ अंशांच्या आसपास जाते. इंटरकूलरने ती ४५ वर आणली, तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये सुमारे २५ टक्के जास्त हवा मावते. पण माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. हवा गरम राहिली की नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकण्याचा धोका वाढतो, आणि ते टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इग्निशनचं टायमिंग मागे घेतो. तिसऱ्या लॅपला गाडी मेल्यासारखी वाटते म्हणतोस ना, तिथे बहुतेक ईसीयूनेच हात आखडता घेतलेला असतो.

आता माझी कथा. मीही असाच जाड कोअर बसवला. पहिल्या लॅपला काय मजा आली म्हणून सांगू! आकडा हलेचना. पाचव्या लॅपला मात्र कूलंटचा काटा मधली रेघ सोडून वर सरकला. पिटमध्ये परतताना एसी लावला तर त्यातून कोमट हवा. रेडिएटर धुतला, कूलंट बदललं, थर्मोस्टॅटवर संशय घेतला. शेवटी मेकॅनिकने बंपरच्या जाळीसमोर कागदाचा कपटा धरला आणि मागून पंखा चालू केला. कागद जाळीला चिकटायला हवा होता, तो नुसता थरथरला. रेडिएटरपुढे मी चक्क भिंत उभी केली होती.

इंटरकूलर म्हटलं की आपण सगळे आतल्या हवेचा विचार करतो. पाइप किती इंची, टँक कसले, बूस्ट किती. गार करण्याचं काम बाहेरची हवा करते, आणि तिला कुणी विचारत नाही. जाड कोअरमधून जाताना ही हवा पुढच्या काही सेंटिमीटरमध्येच तापते. मागच्या भागाला मिळते ती आधीच गरम झालेली हवा. तो भाग वजन वाढवतो, वाट अडवतो आणि गार फारसं करत नाही. वर तीच तापलेली हवा पुढे एसीच्या कंडेन्सरवर आणि रेडिएटरवर जाते. म्हणून जाडीपेक्षा समोरचं क्षेत्रफळ बघ. बंपरच्या तोंडासमोर जेवढी जागा उघडी आहे, तेवढाच कोअर जीव तोडून काम करतो. बंपरच्या प्लॅस्टिकमागे लपलेला भाग नुसता शोभेचा.

पोर्शेचं उदाहरण मला फार आवडतं. १९७५ ची पहिली ९११ टर्बो ३ लिटरची, २६० अश्वशक्तीची, इंटरकूलरशिवाय. १९७८ ला इंटरकूलर आला आणि ३०० अश्वशक्ती झाली. अर्थात इंजिनही ३.३ लिटरचं झालं होतं, सगळं श्रेय इंटरकूलरला नको. पण त्याला हवा मिळावी म्हणून त्यांनी मागच्या स्पॉयलरचा आकारच बदलला आणि त्याच्या पोटात तो बसवला. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्सच्या बॉनेटवरचा तो फुगलेला स्कूपही दिखाव्यासाठी नाही, खाली इंजिनवर आडव्या बसलेल्या इंटरकूलरला हवा पोचवायला आहे.

तुझ्यासाठी माझं मत: ६० ते ७५ मिलिमीटर जाडीचा, बंपरचं तोंड पूर्ण व्यापणारा, बार अँड प्लेट पद्धतीचा (जाड पट्ट्या आणि पत्रे जोडून केलेला) कोअर. ट्यूब अँड फिन (पातळ नळ्या आणि पाकळ्यांचा) हलका असतो आणि बाहेरची हवा त्यातून सहज निघून जाते, सतत ट्रॅकवर असतास तर तोच सुचवला असता. पण तू गाडी रोज चालवतोस आणि ट्रकच्या मागे चिकटून जातोस. दगड खायला बार अँड प्लेट बरा. धातूही जास्त, त्यामुळे थोड्या वेळाचा मारा तो पचवतो. एंड टँक, म्हणजे कोअरच्या दोन टोकांचे डबे, ओतीव असतील आणि तोंडापासून कोअरपर्यंत हळूहळू पसरत गेले असतील तर उत्तम. काटकोनात कापून वेल्ड केलेले डबे नकोत, त्यात हवा आपटते आणि कोअरच्या एका टोकालाच जाते.

कोअरमधून जाताना बूस्ट किती कमी होतो, ती दाबातली घट विक्रेत्याला विचार. पूर्ण बूस्टला १ ते २ पीएसआय ठीक. त्याहून जास्त असेल तर मॅनिफोल्डला तेवढाच बूस्ट मिळावा म्हणून टर्बोला आणखी राबावं लागतं, हवा आणखी तापते, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. 'मोठा इंटरकूलर म्हणजे लॅग', म्हणजे पेडल दाबल्यावर बूस्ट यायला उशीर, ही भीती मात्र सोड. २ लिटरचं इंजिन ३,००० आरपीएमला सेकंदाला ५० लिटरच्या घरात हवा ओढतं. पाच लिटर जागा वाढली तरी प्रश्न सेकंदाच्या दहाव्या भागाचा. तेवढा वेळ तू गिअर टाकतानाच घालवतोस, लेका.

बसवणं तसं अवघड नाही, किचकट आहे. बंपरच्या प्लॅस्टिक क्लिपा निम्म्या तुटणारच, नव्या आधीच आणून ठेव. बंपर ओढण्यापूर्वी फॉग लॅम्पचे आणि पार्किंग सेन्सरचे प्लग सोडव. हॉर्न हलवावे लागतील. नवीन कोअर आतून धुऊन घे, वेल्डिंगचा कण सुटून इंजिनात गेला तर महागात पडेल. पाइप काढल्याबरोबर टर्बोच्या तोंडात फडकं कोंब म्हणजे नट आत पडणार नाही. आणि त्या फडक्याला लांब लाल सुतळी बांध, तिचं दुसरं टोक बॉनेटच्या दांडीला. हसू नकोस. मी सुतळी बांधली नव्हती. सगळं जोडून झाल्यावर बाकावर एक फडकं कमी भरलं आणि तीन तासांचं काम पुन्हा उघडावं लागलं. इंजिन चालू केलं नव्हतं, एवढंच नशीब.

पाइपाच्या टोकाला उठावदार कड असायलाच हवी. होज तिच्यावरून सरकवून क्लॅम्प कडेच्या मागे घट्ट कर. जुन्या पाइपांत तेलाचा पातळ थर असतो, तो स्पिरिटने पुसल्याशिवाय होज चढवलास तर पहिल्याच बूस्टला फटाका वाजेल. इंजिन जोर लावताना माउंटवर हलतं, म्हणून पाइप आणि चासिसमध्ये बोटभर जागा ठेव. आणि कोअरच्या चारही बाजूंच्या फटी फोमने बंद कर. हवा आळशी, सोपी वाट मिळाली की कोअरला वळसा घालून निघून जाते. माझ्या गाडीला निम्मा गुण या फोमच्या पट्ट्यांनी आला. दुसरा कोअर पातळ घेतला, फटी बुजवल्या, आणि काटा पुन्हा मधल्या रेघेवर.

बंपर चढवण्याआधी गळती तपास. टर्बोच्या तोंडाला टोपी लावून कॉम्प्रेसरने हवा भर, तुझ्या नेहमीच्या बूस्टपेक्षा जास्त नको, आणि टोपीच्या समोर उभा राहू नकोस. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लाव. माझ्या थ्रॉटलजवळच्या होजला आधी काहीच दिसलं नाही. मग क्लॅम्पच्या स्क्रूखाली मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. मासफ्लो मीटर असलेल्या गाडीत तेवढंही पुरतं. मोजलेली हवा बाहेर जाते, पेट्रोल मात्र तेवढंच पडतं, आणि मागून काळा धूर.

ट्यूनिंगचं नंतर बोलू. आधी जुन्या इंटरकूलरचा लॉग पाठव, आणि बंपरच्या तोंडाची रुंदी-उंची मोजून कळव. बसवायच्या दिवशी मी येतो, ग्राइंडर माझा आणतो. ब्रॅकेटला लागेल, पण बंपरमागच्या क्रॅश बारला तो लावायचा नाही. कोअर बसत नसेल तर कोअर परत जाईल.

तुझाच,
सुतळीवाला