अळ्या बरणीत कोंडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला, शाळा उघडल्या की आमच्या वेंगुर्ल्याकडे पोरांच्या हातात बरण्या दिसायला लागतात, झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली, आत कढीपत्त्याची डहाळी आणि आठ-दहा अळ्या. मोबाईलवर फुलपाखरू कोशातून बाहेर येतानाचे व्हिडिओ बघून पोरांना हौस वाटते, काही शाळा प्रोजेक्टही देतात, आणि ही हौस मला मनापासून आवडते. पण त्यातल्या कितीतरी अळ्या काळ्या पडून मरतात, पोरं हिरमुसतात, आणि घरातली मोठी माणसं सांगतात की नाजूक जीव तो, घरात जगायचा नाही. हे खरं नाही हो. अळी घरात छान जगते. मरते ती कोंदट ओलीने आणि फवारलेल्या पानाने, आणि दोन्ही आपल्या हातातल्या गोष्टी आहेत म्हणून हे पत्र.

आधी ओलीचं. आपल्याकडे श्रावणात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे झाकण लावलेल्या बरणीत काय होणार? पानातून पाणी सुटतं, खाली लेंड्यांचा चिखल होतो, त्यावर बुरशी धरते आणि एक अळी आजारी पडली की तिच्यामागे बाकीच्या जातात. बरणी नकोच. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, नाहीतर जाळीची भाजीची टोपली, वरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधा, तळाला वर्तमानपत्र घाला आणि ते रोज सकाळी बदला, लेंड्यांसकट. पावसात तोडलेलं पान फडक्याने कोरडं पुसूनच आत ठेवायचं. डहाळी ताजी राहावी म्हणून छोट्या बाटलीत पाण्यात ठेवत असाल तर बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा, कारण अळी देठावरून खाली उतरत जाते आणि सरळ पाण्यात बुडते. आणि दोन-चारच ठेवा, दहा नको. शेवटच्या टप्प्यातली ही लिंबा-कढीपत्त्यावरची अळी इतकी खाते की सकाळी भरलेली डहाळी संध्याकाळी नुसती काटकी उरते, मग पानं पुरत नाहीत आणि गर्दीत रोग पसरतो.

आता पान. अंगणातल्या, अजिबात न फवारलेल्या झाडाचंच पान द्या. बाजारातली कढीपत्त्याची जुडी नाही. गेल्या पावसात आमच्या शेजारी एका नर्सरीतून लिंबाचं रोप आणलं, हिरवंगार, दिसायला सुंदर, त्याची पानं घातली आणि दुसऱ्या दिवशी अळ्या तोंडातून हिरवं पाणी ओकत, अंग वळवत मेल्या. पानं धुतली होती तरी! आंतरप्रवाही औषध पानाच्या आत उतरलेलं असतं, ते धुऊन जात नाही. पुष्कळांना वाटतं कडुलिंबाचा अर्क तरी चालेल, तो नैसर्गिक आहे, पण त्यानेच अळीचं कात टाकणं बिघडतं. आणि ज्या खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विडचं मशीन लावता तिथे टोपली ठेवू नका, डास मारणारं औषध अळीलाही मारतं, हे तर कोणी सांगतच नाही.

पोरांना दुसरी एक गोष्ट समजावून सांगायला हवी, ती म्हणजे आजार कुठला आणि आजार नसलेलं कुठलं. लिंबावरची अळी लहान असते तेव्हा पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून केशरी-लाल दोन शिंगं काढते ज्यांना उग्र वास येतो. मध्ये मध्ये ती खाणं सोडून पानावर दगडासारखी बसते. ती मेलेली नसते, कात टाकायच्या तयारीत असते, अशा वेळी तिला उचललं तर पायाखालच्या रेशमी धाग्यांवरची पकड सुटते आणि कात अडकून ती खरोखरच मरते. तिला तसंच राहू द्या, पान बदलायचं तर अख्ख्या पानासकट हलवा. जुनी कात ती बऱ्याचदा खाऊनही टाकते, बघण्यासारखं असतं ते. शेवटी एक दिवस पातळ ओली विष्ठा टाकते आणि टोपलीभर सैरावैरा फिरते, लोक म्हणतात हिला जुलाब झाले. नाही, ती कोशाला जागा शोधत असते. उभी काटकी ठेवा. विजेच्या खांबावरचा वायरमन कमरेला पट्टा लावून मागे रेलतो ना, तशी ती अंगाभोवती धाग्याचा पट्टा घेऊन काटकीला रेलते.

खरा आजार म्हणजे अळी काळपट, लिबलिबीत होते आणि डोकं खाली करून लोंबकळते. हात न लावता टिश्यूने उचलून लगेच लांब पुरा, पुठ्ठ्याचं खोकं टाकूनच द्या, टोपली ब्लीचच्या पाण्याने धुवून खळखळून विसळून पूर्ण वाळवा, हात साबणाने धुवा. अळीच्या अंगातून बारीक पांढरे कोश किंवा माशीचा किडा बाहेर आला तर तो रोग नाही, बारीक गांधीलमाश्या आणि काही माश्या अळीत किंवा अळीवर अंडी घालतात. म्हणून अंडं किंवा अगदी पिटुकली अळीच आणलेली बरी.

माडाच्या झावळीवर किंवा आंब्याच्या पानावर हिरवी काटेरी, गुबगुबीत अळी दिसली तर पोरांनी बोटसुद्धा लावू नये. ती पतंगाची असते आणि तिच्या काट्यांनी भयंकर आग होते.

फुलपाखरू बाहेर आलं की पंख खाली लोंबकळत वाळायला मोकळी जागा आणि काही तास लागतात. पाऊस कोसळत असेल तर सोडायची घाई नको, पहिल्या दिवशी त्याला खाणं लागत नाही. उघडीप मिळाली की एक्झोरा म्हणजे आपल्या पिटकुळीच्या झुडपावर सोडा.

महाराष्ट्राने 2015 साली ब्लू मॉरमॉन म्हणजे निलवंत हे राज्य फुलपाखरू ठरवलं, असं करणारं आपलं पहिलं राज्य. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढते, आपल्या परसातल्या लिंबावर, पपनसावर. तेव्हा बागायतदार बंधूंना विनंती की परसातलं एक तरी लिंबाचं झाड फवारणीतून वगळा, चार पानं कुरतडली तर कुरतडू देत. आणि शिक्षकांनी प्रोजेक्ट द्यायचाच तर वर्गात एकच टोपली ठेवावी, सगळ्यांनी मिळून पाळीने तिची साफसफाई करावी, घरोघरी बरण्या नकोत. आपल्या मुलांच्या पानावर यातलं थोडं तरी छापलंत तर फार बरं होईल, पाऊस अजून बराच आहे.

आपली एक वाचक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग