रविवारच्या कथावाचनाबद्दल सूचना

सभासद मित्रमैत्रिणींनो,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता, नेहमीप्रमाणे वाचनालयाच्या माडीवर जमायचं आहे. विषय ठरल्याप्रमाणे: खऱ्या खुनावर बेतलेली ऐतिहासिक रहस्यकथा. यावेळचं प्रकरण बावला खून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १२ जानेवारी १९२५, मुंबईतला मलबार हिल. मुंबईतले श्रीमंत व्यापारी अब्दुल कादर बावला आणि इंदूर दरबार सोडून आलेल्या नर्तकी मुमताज बेगम यांची मोटार अडवली गेली. बावलांवर गोळ्या झाडल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे लष्करी अधिकारी तिथे पोचले आणि त्यातल्या एकाने चक्क गोल्फची काठी चालवली! (हे आपण रचलं असतं तर कुणाला पटलं नसतं.) धागे इंदूर दरबारापर्यंत गेले आणि १९२६ साली इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी गादी सोडली.

लिहिताना एवढं पाळा:

• कथा १२०० शब्दांच्या आत.
• तारखा, जागा, निकाल बदलू नका. तपास करणारं पात्र मात्र खुशाल काल्पनिक घ्या.
• जे कोर्टात सिद्ध झालं नाही, ते खऱ्या माणसाच्या माथी मारू नका.
• वस्तू त्या काळातल्याच हव्यात. मागच्या खेपेला पेशवाईतल्या कोतवालाने काडेपेटी ओढून दिवा लावला होता, आठवतंय ना?

वाचणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत इथे नाव कळवा. सहाच कथा घेता येतील. छापील दोन प्रती आणा. चहा आहे, खाऊ आपापला.