परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या औषधांचाही विचार व्हावा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाविषयीच्या लेखांत व्हिसा, शैक्षणिक कर्ज, वसतिगृह या सर्वांची माहिती येते. पण ज्याला रोज औषध घ्यावेच लागते त्या विद्यार्थ्याने तेथे ते कसे मिळवायचे, याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

माझ्या मुलीला अपस्मार आहे. ती शिकायला गेली तेव्हा तीन महिन्यांच्या गोळ्या बरोबर होत्या, आणि त्या संपत आल्या की प्रिस्क्रिप्शन दाखवून तिथल्या दुकानातून आणता येतील, अशी आमची समजूत होती. फार्मासिस्टने मात्र नकार दिला, कारण त्या देशात नोंदणी नसलेल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्याला औषध देता येत नव्हते. चिठ्ठीवर नुसते ब्रँडचे नाव होते आणि ते त्याच्या संगणकात सापडत नव्हते. मुलीने गोळ्यांची पट्टी काढून दाखवली, तर ती नेमकी कात्रीने कापलेली. मागच्या बाजूला मूळ औषधाच्या नावाची शेवटची तीन अक्षरे तेवढी उरली होती. डॉक्टरांची पहिली भेट अठरा दिवसांनंतरची मिळाली. गोळ्या होत्या एकवीस दिवसांच्या. हे औषध एकाएकी थांबले तर आकडी पुन्हा येऊ शकते, हे ठाऊक असल्यामुळे ते दिवस आम्ही फोनजवळ बसून काढले.

त्या फार्मासिस्टला मी दोष देत नाही, कारण ब्रँडच्या नावावर विसंबणे खरोखरच धोक्याचे आहे. अमेरिकेत ‘फ्लोमॅक्स’ म्हणजे प्रोस्टेटच्या त्रासावरचे औषध, तर इटलीत त्याच नावाने सूज कमी करणारे निराळेच औषध विकले जात होते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये अशा नावांबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती. जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून औषधांच्या मूळ नावांची आंतरराष्ट्रीय यादी प्रसिद्ध करते, म्हणून चिठ्ठीवर मूळ नाव असायलाच हवे. तरीही पॅरासिटामॉलला अमेरिकेत असिटामिनोफेन आणि दम्याच्या पंपातील सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल म्हणतात, एवढे लक्षात ठेवावे लागते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर अधिकच जपले पाहिजे. काही ठिकाणी इन्सुलिनच्या कुप्या एका मिलीलिटरला ४० युनिटच्या असतात, तर अनेक देशांत १०० युनिटच्याच मिळतात. घरून नेलेल्या ४० च्या सिरिंजमध्ये तिथले १०० चे इन्सुलिन नेहमीच्या खुणेपर्यंत भरले, तर अडीचपट मात्रा शरीरात जाते. शिवाय इन्सुलिन गोठले की निकामी होते, त्यामुळे ते विमानाच्या सामानकक्षात न टाकता हातातल्या बॅगेतच ठेवावे.

औषधांचा भरपूर साठा बरोबर नेणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत. जपानमध्ये प्रिस्क्रिप्शनची औषधे सर्वसाधारणपणे एका महिन्यापुरतीच नेता येतात, त्याहून अधिक हवी असतील तर निघण्यापूर्वी तिथल्या सरकारची परवानगी काढावी लागते, आणि एकाग्रतेच्या विकारावर इतरत्र सर्रास दिली जाणारी अँफेटामाइनयुक्त औषधे तर डॉक्टरची चिठ्ठी असली तरी तिथे चालत नाहीत. युरोपातील शेंगेन देशांमध्ये ये-जा करताना अमली वा मनोविकारावरील नियंत्रित औषधे जवळ असतील, तर ३० दिवसांपुरतेच वैध असणारे प्रमाणपत्र लागते. मागून टपालाने औषध पाठवू म्हणावे, तर ते पार्सल सीमाशुल्क खात्यात अडकू शकते, आणि औषध संपत आलेल्या मुलाला ते सुटेपर्यंत थांबणे परवडत नाही. विमा काढताना आधीपासूनचा आजार त्यात धरला आहे का, हेही पाहावे.

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे की, परदेशी निघालेल्या रुग्णाला निदान, औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि आजवर कोणती औषधे सोसली नाहीत, हे सांगणारे एक पत्र सुवाच्य अक्षरात किंवा टंकलिखित स्वरूपात द्यावे. विद्यापीठांनीही प्रवेशपत्रासोबत आरोग्यकेंद्राचा पत्ता कळवून पहिली भेट विद्यार्थी पोहोचण्याआधीच ठरवू द्यावी. माझ्या मुलीला ती अठरा दिवसांची वाट पाहावी लागली, कारण नाव नोंदवायचे असते हेच तिला कोणी सांगितले नव्हते.

आपली विश्वासू,
एक पालक