‘पावती नको’ असं म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारावर आणि फोनवर देणगी मागणाऱ्यांचा उपद्रव किती वाढलाय, याबद्दल एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आपण मागच्या आठवड्यात छापलंत. रविवारी सकाळी बेल, दुपारी डोळा लागला की फोन, आणि ‘हे सगळे एकजात ठग’ असा त्यांचा निष्कर्ष. बेल वाजवणाऱ्यांतली मी एक आहे. दुपारी एक ते चार मी कुणाच्या दारात जात नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यांचं निम्मं पत्र मला पटलं. जे पटलं नाही त्यासाठी हे लिहिते आहे.

मी डोंबिवलीत राहते. विशेष मुलांच्या एका निवासी शाळेसाठी मुलुंड, ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात घरोघर जाऊन देणग्या आणते. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पत्राची जाहिरात व्हायची. पगार ठरलेला आहे, लोकलचा पास संस्था काढून देते, जमलेल्या रकमेत माझी टक्केवारी नाही. हे एवढं का सांगते, ते पुढे येईल.

लोक कसे वागतात म्हणाल, तर फार वाईट वागत नाहीत. अंगावर ओरडणारा माणूस विरळा. चाळीत अजून ‘बसा, आधी पाणी घ्या’ होतं. नाही म्हणायचं असलं तरी पाणी दिल्यावर म्हणतात. टॉवरमध्ये माझी गाठ आधी वॉचमनशी, मग इंटरकॉमशी आणि शेवटी सेफ्टी डोअरच्या जाळीशी. जाळीआडची उत्तरं मला पाठ आहेत. ‘साहेब घरी नाहीत.’ (साहेबांचा खोकला आतून ऐकू येत असतो.) ‘सुतक आहे.’ ‘आमचं एका ठिकाणी चालू असतं.’ ‘घरचे बाहेर गेलेत, मी कामाला आहे इथे,’ असं खुद्द मालकीणबाईंनीच मला सांगितलेलं आहे, कुठल्याशा लग्नाला निघालेल्या, अंगावर पैठणी. मला याचं काही वाटत नाही. मला कुणी बोलावलेलं नसतं.

‘आमचं एका ठिकाणी चालू असतं’ हे तर माझ्या आवडीचं उत्तर. खरं असो नसो, तिथे विषय संपतो आणि मी पुढच्या दाराला लागते. त्रास होतो तो ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणणाऱ्यांचा. तोंडावर नाही म्हणायला आपल्याला जड जातं, म्हणून ही पळवाट. मी बापडी वहीत लिहून ठेवते: बी विंग, ४०२, पुढचा महिना. गेले की ‘दिवाळी होऊ दे’. दिवाळी झाली की ‘आता मार्चएंडिंगनंतर बघू’. त्यांच्या मते त्यांनी माझं मन राखलं. मी पुन्हा गेले की त्यांच्याच कपाळाला आठी पडते, की ही बाई पाठच सोडत नाही. अहो, पाठ सोड म्हणून सांगितलंय कुठे? पत्रलेखकांना ज्या रविवारच्या बेलचा ताप होतो, त्यातल्या बऱ्याचशा बेल अशा वायद्यांवर वाजतात. ‘नाही, आम्ही देणार नाही, पुन्हा येऊ नका’ असं कुणी सांगितलं, तर मी त्या घरापुढे फुली मारते आणि खरंच जात नाही.

पण मला मुख्य सांगायचंय ते दहा रुपये देऊन सुटका करून घेणाऱ्यांबद्दल. शाळा कुठली, कुठे आहे, मुलं किती, काही ऐकायचं नसतं. दार उघडतानाच हातात नोट असते. ‘हे घ्या, पावती नको.’ मी पुस्तक काढते तर म्हणतात, ‘राहू द्या हो, दहा रुपयांना कसली पावती!’ यात मनाचा मोठेपणाही असतो, नाही असं नाही. पण तासाभराने त्याच दारात दुसरी बाई येते, गळ्यात लॅमिनेट केलेलं खोटं कार्ड. तिलाही दहा रुपये, तिलाही ‘पावती नको’. मग तिच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? होता तो त्या पावतीचाच होता, आणि तुम्हीच तो पुसलात. संतापून दार लावणाऱ्यांवर ठगांचा धंदा चालत नाही. तो चालतो या दहा-वीस रुपयांवर.

पावती फाडली की मागे स्थळप्रत राहते. संध्याकाळी आमचे हिशेबनीस क्रमांक जुळवून रोकड मोजून घेतात, वर्षाअखेरीला ऑडिटर तीच पुस्तकं उघडून बसतात. पावतीविना दिलेले दहा रुपये मी इमानाने भरेन हो, पण त्याला साक्षीदार कोण? तसे पैसे मला नको असतात. नाव सांगितलं नाही तर ‘एक हितचिंतक’ लिहून मी पावती फाडते आणि दार लावलेलं असेल तर खालून सरकवते. लोकांना हा आगाऊपणा वाटतो. वाटू दे.

प्रश्न विचारलेत तर आम्हाला अपमान वाटेल, हीही एक समजूत आहे. नौपाड्यात एका निवृत्त बँकवाल्या काकांनी मला दारात उभं करून उलटतपासणी घेतली होती. संस्था कधीची, विश्वस्त कोण, ऑडिट कोण करतं. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंदणी १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते आणि तो नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असतो. आमच्यासारख्या संस्थांचा बहुधा ई किंवा एफ अक्षराने सुरू होणारा, पुढे कंसात जिल्हा. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी मागायची तर त्याच कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी काढावी लागते. गणपतीच्या आधी ही बातमी आपल्या पानांवर येतेच. काकांनी आमचा क्रमांक उतरवून घेतला, ‘चौकशी करून कळवतो’ म्हणाले, आणि खरोखर कळवलं. चेक संस्थेच्या नावाने, क्रॉस केलेला. आता दरवर्षी काकूंच्या तिथीला येतो. त्यांच्या दारात मी कितीही वेळ उभी राहायला तयार आहे.

शेवटी त्यांनी विचारलं होतं, ‘यातले तुम्हाला किती मिळतात?’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. बहुतेकांच्या ओठांवर असतो, पण संकोच आड येतो. संस्थांसाठी टक्केवारीवर माणसं फिरवणाऱ्या एजन्स्या आहेत. त्यात बेकायदा काही असेलच असं नाही, पण आपल्या शंभरातले मुलांपर्यंत किती पोचतात हे कळायला नको? जो उत्तराला बगल देईल, त्याच्यावर खुशाल दार लावा. हल्ली लोक कोड स्कॅन करून पैसे देतात, ते उत्तमच. मात्र रक्कम टाकण्याआधी पडद्यावर नाव कुणाचं येतंय ते वाचा. संस्थेचं न येता कुणा माणसाचं आलं, तर तिथेच थांबा.

पॅनचा घोळ मात्र खरंच अवघड आहे. देणगीदाराला प्राप्तिकरात देणगीवरची सवलत, म्हणजे ८०जी, मिळायची तर २०२१-२२ पासून संस्थेला त्याचा पॅन लिहून प्राप्तिकर खात्याकडे विवरण भरावं लागतं, तेव्हा कुठे त्याच्या हातात १०बीई प्रमाणपत्र पडतं. म्हणजे मला पॅन मागितल्यावाचून गत्यंतर नाही, आणि पोलिस तुम्हाला बजावतात की अनोळखी माणसाला पॅन देऊ नका. दोघांचंही बरोबर. मी यावर दारात पॅन घेणंच बंद केलंय. पावतीवर कार्यालयाचा नंबर आहे, खात्री करून तिथे कळवा. आणि दोन हजारांच्या वर रोख दिलीत तर सवलत नाही, नव्या करप्रणालीत गेला असाल तर ती मुळातच नाही. मार्चमध्ये ‘८०जी आहे ना?’ विचारणाऱ्यांना हे मी आपणहून सांगते. काहीजण ते ऐकून पाकीट पुन्हा खिशात ठेवतात. ठेवू देत.

माणसं देत नाहीत असं मात्र म्हणू नये. किल्लारीचा भूकंप झाला ती ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्याच दिवशी विसर्जन झालेलं, मंडळाची पावतीपुस्तकं अजून कपाटात जायची होती. आम्ही कॉलनीतली मुलंमुली डबे घेऊन निघालो, तर दारं वाजवायच्या आधी उघडत होती. धान्य, चादरी, बांगडीसुद्धा आली एका आजींची. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं तेव्हाही तेच. संकट दिसलं की आपला हात सैल सुटतो. अडतं ते रोजच्या खर्चापाशी. आमच्या शाळेत रात्रपाळीला ज्या मावशी असतात, त्यांच्या पगारासाठी मागितलं की समोरचा म्हणतो, ‘पगार नको, वस्तू सांगा. व्हीलचेअर वगैरे.’ व्हीलचेअर आहेत. त्या ढकलायला माणूस हवाय. वाढदिवसाच्या गोड जेवणाचंही तसंच. पंधरा ऑगस्टला जेवण द्यायला इतके जण पुढे येतात की मुलांना जिलब्यांचा वीट येतो, आणि जुलैतला एखादा मंगळवार घ्यायला कुणी तयार नसतं. वीजबिलाला तर फोटोच काढता येत नाही.

पत्रलेखकांनी आमच्या कामाला ‘भीक’ म्हटलंय. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागितला, लोकमान्यांनी त्यांना पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. कर्मवीरांच्या वसतिगृहातली पोरं मुष्टिफंडातल्या मूठमूठ धान्यावर शिकली. तेव्हा मागण्याची लाज मला नाही. हिशेब न देण्याची असायला हवी, आणि ती काहींना नसते, हे कबूल.

फोनवाल्यांची बाजू मात्र मी घेणार नाही. माझी भाची काही दिवस अशा एका ठिकाणी नोकरीला होती. समोर पडद्यावर वाक्यं लिहिलेली. आधी पाच हजार मागायचे, नकार आला की अडीच, मग पाचशे, मग ‘निदान आजचं दूध तरी’. पहिला नकार धरायचा नाही अशी ताकीदच होती. नकार ऐकून फोन ठेवला म्हणून तिचा पगार कापला गेला, तेव्हा तिने नोकरी सोडली. त्यामुळे त्या बाजूला बोलणाऱ्या मुलीला शिव्या देऊ नका एवढंच माझं मागणं आहे. फोन मात्र जरूर ठेवा. ‘उद्या सकाळी बाळाचं ऑपरेशन आहे’ म्हणून कुणी घाई करत असेल, तर रुग्णालयाचं नाव विचारा, तिथल्या समाजसेवा विभागाला स्वतः फोन लावा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. बाळ खरं असेल तर ही माहिती त्याच्या आईवडिलांना तुमच्या पाचशेपेक्षा जास्त उपयोगी पडेल. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा, लाजून गप्प बसू नका.

मुलुंडच्या एका सोसायटीने यावर चांगला मार्ग काढलाय. आमचं नोंदणीपत्र, विश्वस्तांचं पत्र आणि माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स सेक्रेटरींनी फायलीत ठेवली, ऑफिसला फोन करून खात्री केली, आणि वर्षातला एक रविवार, सकाळी दहा ते बारा, ठरवून दिला. आठवडाभर आधी फळ्यावर सूचना लागते. ज्यांना द्यायचं नसतं ते दार उघडत नाहीत, मीही दुसऱ्यांदा बेल वाजवत नाही. उघडणारी दारं पूर्वीपेक्षा कमी झाली, पण जी उघडतात तिथे रक्कम ठरलेली असते, चेक लिहून तयार असतो आणि पावतीला कुणी नको म्हणत नाही. बाकी वर्षभर कागदपत्रं न दाखवता येणाऱ्याला वॉचमन फाटकातूनच परत पाठवतो. पत्रलेखकांनी आपल्या सेक्रेटरींकडे हा विषय काढून बघावा. आमच्या कागदपत्रांचा संच लागला तर संपादकांकडे माझा पत्ता दिलेला आहे.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)