वसईच्या किल्ल्यावर पोरांची स्वारी

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन मुंबईला येतोयस, वाचून बरं वाटलं. तू राजगड-तोरण्यावर वाढलेला, म्हणून भीत भीत सांगतो, एक दिवस वसईच्या किल्ल्यासाठी ठेव. ‘सपाटीवरचा किल्ला तो काय किल्ला’ असं म्हणशील. गेल्या रविवारी आमची दोन्ही कार्टी तिथून निघायला तयार नव्हती.

सकाळी विरार गाडी दादरहून जवळजवळ रिकामी असते. वसई रोडला उतरून पश्चिमेला यायचं, पुढे बस नाहीतर रिक्षा. गाडीतच चिमीला सांगितलं, की १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना वसई दिली, तिच्याबरोबर मुंबईची बेटंही गेली. आपण वसईला उपनगर समजतो, तेव्हा मुंबईच वसईच्या पदरात होती! तिला हे भारी आवडलं. समोरच्या वसईकर काकूंना तर त्याहून जास्त.

भुई दरवाजातून आत शिरलं की वाट सरळ जात नाही, वळते आणि पुन्हा दुसरं दार. पिंट्याने शत्रू व्हायचं ठरवलं. धूम पळत आला आणि वळणावर वेग तोडावाच लागला. वरून चिमीने मुठीमुठीने वाळकी पानं टाकली. त्या दाराची युक्ती मला दहा वाक्यांत सांगता आली नसती.

सेंट जोसेफच्या चर्चला छप्पर नाही, पण मनोरा उभा आहे. आतला गोल जिना इतका अरुंद, की माझं पोट भिंतीला घासलं (हसू नकोस). पायऱ्या मधोमध झिजलेल्या, आत मिट्ट काळोख. वर आल्यावर खाडी, माड आणि मचव्यांवरची निशाणं. १७३९ चा वेढा तिथेच बसून सांगितला: सुरुंग लावून सेबॅस्टियन बुरूज कसा उडवला ते, आणि चिमाजी अप्पांची ती आख्यायिकाही, ‘किल्ला मिळत नसेल तर माझं मस्तक तरी तोफेने आत उडवा’. त्यावर पिंट्या म्हणाला, “मग जिंकल्यावर किल्ला बघितला कुणी असता?” मी गप्प. इथल्या चर्चची एक घंटा मेणवलीला आहे, ती तू पुण्याहून येता येता वाईला वळून बघू शकतोस, असं म्हणणार होतो, पण वाई कुठे, वसई कुठे!

एकच वैताग. जिकडे बघावं तिकडे लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी, धुराचे डबे, घोळदार झगे. कमानींवर बदामात कोरलेली नावं तर विचारू नकोस. म्हणून सकाळी लवकर जायचं. आत खायला-प्यायला फारसं मिळत नाही. पाणी, दशम्या आणि जिन्यासाठी बॅटरी घे. पावसाळ्यानंतर रान माजलेलं असतं, पोरांना बूट घाल.

तारीख कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझाच,
बाळ्या